विषय: हिवाळ्यात कोंबड्यांचे पिण्याचे पाणी गोठू नये म्हणून

प्रेषक: सभासद, डुलुथ, मिनेसोटा

मंडळाच्या सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार. आमच्या परसात सहा कोंबड्या आहेत आणि त्यांचा हा पहिलाच हिवाळा आहे. येथे जानेवारीत पारा उणे वीस अंशांच्या खाली जाणे नवलाचे नाही, त्यामुळे संध्याकाळी भरलेले भांडे सकाळी दगड झालेले असते. नाशिकच्या माझ्या सासरी पिल्लांना ऊब देणाऱ्या पेटीत, म्हणजे ब्रूडरमध्ये, बल्ब लावतात, तसा बल्ब लावावा असे दीर सुचवतात, तर येथील शेजारी मिठाच्या पाण्याची बंद बाटली भांड्यात तरंगत ठेवायला सांगतात. रात्रभर पाणी गोठू नये म्हणून विजेवर तापणारे भांडे खुराड्यातच ठेवावे, असा माझा विचार आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रेषक: निवृत्त पशुवैद्य, नाशिक

ताई, नमस्कार. माझी कन्या आपल्या मंडळाची सभासद असल्यामुळे ही पत्रे मला नाशिकला वाचायला मिळतात. निफाडला पारा पाच अंशांच्या खाली उतरला की द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात आणि हवेपेक्षा कोमट असलेले विहिरीचे पाणी ठिबकने सोडले जाते; आमची थंडी एवढीच, त्यामुळे बर्फातल्या उपकरणांविषयी मी बोलणार नाही. कोंबडीविषयी मात्र ठामपणे सांगू शकतो.

रात्रभर पाणी न गोठता ठेवण्याची मुळात गरजच नाही. कोंबडीला अंधारात दिसत नाही आणि एकदा दांडीवर बसली की उजाडेपर्यंत ती पाणी प्यायला उतरत नाही. तिला पाणी हवे असते ते पहाटे उतरल्याबरोबर आणि संध्याकाळी दांडीवर चढण्यापूर्वी. या दोन वेळा मात्र चुकवू नका. अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते, म्हणजे खाद्याच्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट, आणि पाणी मिळाले नाही की ती खाद्यही कमी करते. अंड्यात सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असते, त्यामुळे एक दिवस पूर्ण तहानलेली राहिली तरी अंडी घटतात आणि पूर्ववत व्हायला बराच काळ लागतो. कोंबड्या बर्फ टोचून खातात, हे खरे असले तरी त्यावर त्यांची तहान भागते असे समजू नये.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. पाण्याचे भांडे खुराड्यात ठेवू नका. विष्ठेत आणि श्वासात आधीच भरपूर ओल असते. त्यात तापलेल्या भांड्याची वाफ मिसळली की ती तुऱ्यावर आणि चोचीखाली लोंबणाऱ्या लाल कातडीवर बसते आणि हिमदंश होतो, म्हणजे ती कातडी गोठून मरते. कोरड्या थंडीला पिसांचे कवच पुरते, दमट थंडीला पुरत नाही. म्हणून वाऱ्याची झोत पक्ष्यांच्या अंगावर येणार नाही अशा बेताने, दांडीच्या वर झरोके उघडे ठेवावेत, थंडी आहे म्हणून बुजवू नयेत. उघडे पसरट भांडेही टाळलेले बरे, कारण त्यात पिताना लोंबती कातडी भिजते.

दिरांना सांगा की ब्रूडर हा पिसे न फुटलेल्या पिल्लांसाठी असतो. मोठ्या कोंबडीला त्याची गरज नाही आणि भुशावर बल्ब पडला तर आग लागते. पाण्यात मीठ किंवा गोठणरोधक द्रव मात्र कोणी कितीही सुचवले तरी घालू नका, दोन्ही विषारी ठरतात.

प्रेषक: सभासद, सेंट क्लाउड, मूळ सिन्नर

डॉक्टरसाहेबांनी सांगितलेल्यात मी येथील व्यवहाराची भर घालते. मिठाच्या बाटलीचा उपाय उणे चार-पाच अंशांपर्यंत आणि वाऱ्यात थोडाफार चालत असेल, कारण हलणाऱ्या बाटलीमुळे पृष्ठभागावर बर्फाची साय धरायला उशीर होतो. पण बाटलीतले मीठ बाहेरच्या पाण्याला उष्णता देत नाही, त्यामुळे डुलुथच्या जानेवारीत त्याचा उपयोग नाही. एक लिटर पाणी पूर्ण गोठताना 334 किलोज्यूल उष्णता सोडते, आणि उघडा पृष्ठभाग लहान असला की ती सावकाश निसटते. म्हणून उथळ थाळीपेक्षा खोल, अरुंद तोंडाची बादली पुष्कळ उशिरा गोठते, आणि तिला बाहेरून थर्माकोल लावल्यास आणखी उशिरा. तरीही हे सारे गोठणे लांबवते, टाळत नाही.

वीज जवळ असेल तर दोन अंशांच्या आसपास आपोआप सुरू होणारे, थर्मोस्टॅटचे तापणारे भांडे घ्यावे आणि ते खुराड्याबाहेर, जाळीच्या आवारात छपराखाली, विटांवर ठेवावे. पत्र्याच्या दुहेरी भांड्याखाली ठेवायची तापती बैठक वेगळी मिळते, तिच्यावर साधे प्लास्टिक ठेवू नये. पत्र्याच्या भांड्यात व्हिनेगरही घालू नये, जस्ताचा थर खातो. एक्स्टेन्शन वायर बाहेरच्या वापराची असावी, गळती होताच वीज तोडणाऱ्या जीएफसीआय सॉकेटला जोडावी आणि सॉकेटच्या खाली लोंबती ठेवून मगच वर न्यावी, म्हणजे वितळलेले पाणी वायरवरून ओघळत सॉकेटमध्ये शिरत नाही. जोड भुशात किंवा बर्फात लोळत ठेवू नये.

निप्पल, म्हणजे चोचीने पिन ढकलली की पाणी देणारी छोटी तोटी, लावायचे असल्यास बादलीच्या बाजूला बसणारे आडवे घ्या. तळाच्या उभ्या निप्पलच्या टोकाशी थेंब साचतो आणि तोच आधी गोठतो. उणे तीस अंशांत मात्र आडव्याचीही पिन अडकते, तेव्हा जाड काळ्या रबराची दोन घमेली जवळ असू द्यावीत. रबर तडकत नाही, पालथे करून लाथ मारली की बर्फाची वडी सुटते; एक घमेले घरात वितळत असताना दुसरे कोमट पाण्याने भरून बाहेर नेता येते, आणि वीज गेली तरी हे चालते.