जिप्सी किंगला डिफरन्शियल लॉक आणि नवे क्राऊन-पिनियन बसवायचे आहेत, सल्ला हवा

मुळशीकर
नमस्कार मंडळी. माझ्याकडे २००८ सालची मारुतीची सॉफ्ट टॉप (कापडी छताची) जिप्सी किंग आहे. मुळशी खोऱ्यात आमची शेती आहे आणि डांबरी रस्ता सोडल्यावर घरापर्यंतची वाट तांबड्या मातीची व चढाची आहे. पावसाळ्यात एका वळणाशी पाणी रस्ता इतका खणून काढते की पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक एकाच वेळी अधांतरी होते आणि फोर व्हील लो (चारही चाकांना हळू पण जास्त ओढ देणारा गिअर) लावूनही गाडी तीच दोन चाके फिरवत जागेवर उभी राहते. सध्या २०५/७० आर १५ टायर आहेत, पण २३५/७५ आर १५ घालायचा विचार आहे. मोठ्या टायरमुळे गाडी जड पडेल, म्हणून दोन्ही ॲक्सलचे क्राऊन-पिनियन (ओढ चाकांकडे वळवणारी दातेरी चक्रांची जोडी) बदलून त्याच वेळी एक लॉकर बसवावा असे मनात आहे, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे डिफरन्शियल हवे तेव्हा जखडता येईल. लॉकर पुढे बसवावा की मागे, आपोआप लागणारा घ्यावा की स्विचने लागणारा, आणि हे काम नीट करणारा माणूस कोठे मिळेल, हे कृपया सांगावे. मजुरी धरून बजेट दीड लाख रुपयांचे आहे, त्याहून अधिक शक्य नाही.

थारवाला नाशिक
दादा, इतक्या जुन्या गाडीत दीड लाख घालण्यापेक्षा ती विकून थार घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. माझ्या २०१६ च्या थारमध्ये मागचा मेकॅनिकल लॉक कंपनीकडूनच बसवून आलेला आहे. दोन मागच्या चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडला की तो आपोआप लागतो, त्यासाठी कोणतेही बटण दाबावे लागत नाही. त्र्यंबकेश्वरच्या बाजूला ज्या चिखलातून इतरांना ट्रॅक्टरने ओढून काढावे लागले, तेथून मी एकटा बाहेर आलो.

गुरखाधारी
थारचा लॉक लागण्यासाठी आधी एक चाक जोरात फिरावे लागते आणि चिकट मातीत तेवढ्या वेळात गाडी आणखी खाली बसते. माझ्या फोर्स कंपनीच्या गुरखा गाडीत पुढचा आणि मागचा असे दोन्ही लॉक कंपनीचेच आहेत आणि अडथळ्यावर चढण्याआधीच ते लावता येतात. गाडी बदलायचीच असेल तर गुरखा पाहावी.

मुळशीकर
दोघांचेही आभार, परंतु गाडी बदलायची नाही. ती वडिलांनी घेतलेली आहे आणि घरात राहणार आहे.

कुळागरकार, फोंडा
आमच्या कुळागरातल्या (सुपारीच्या बागेतल्या) जुन्या जीपच्या मागच्या डिफरन्शियलमधले स्पायडर गिअर (आतले लहान गिअर) आम्ही वेल्डिंग करून कायमचे जोडून टाकले आहेत. खर्च नगण्य आला आणि सुपाऱ्यांची पोती घेऊन ती कोठेही चढते. दीड लाखाचे लॉकर घेण्याची काही गरज नाही.

कोल्हापूर ४x४
कुळागरकार, तुमची जीप बागेबाहेर जात नसेल म्हणून ते चालून जाते. मुळशीहून पुण्याला डांबरी रस्त्याने येणाऱ्या गाडीत हा उपाय घातक आहे. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. वेल्ड केलेल्या ॲक्सलला ते जमत नाही, त्यामुळे टायर घासतात, ॲक्सल शाफ्टला पीळ बसतो आणि ओल्या रस्त्यावर गाडी सरळच निघून जाण्याचा धोका असतो. कृपया कोणीही डांबरावर चालणाऱ्या गाडीत हे करू नये.

कुळागरकार, फोंडा
डांबरावर चालवा असे मी कोठेही म्हटलेले नाही.

मेलबर्नचा मराठी
येथे ऑस्ट्रेलियात माझ्या सुझुकी जिमनीला पुढे व मागे दोन्हीकडे एअर लॉकर आहेत. एकदा ही सोय वापरल्यावर माणूस दुसरे काही वापरणार नाही. लहान कॉम्प्रेसरमधली हवा बारीक नळीने डिफरन्शियलमध्ये जाते, तेथला पिस्टन एक दातेरी कडे सरकवतो आणि साइड गिअर (चाकाच्या शाफ्टवरचा गिअर) थेट डिफरन्शियलच्या कवचाला जखडला जातो. स्विच बंद केला की डिफरन्शियल पुन्हा पूर्ववत मोकळे होते, त्यामुळे हमरस्त्यावर गाडीच्या चालीत काहीही फरक पडत नाही. तुम्हीही दोन्हीकडे बसवून घ्यावेत. दोन लॉकर, कॉम्प्रेसर आणि आयात शुल्क मिळून खर्च तुमच्या आकड्याच्या बराच वर जाईल, पण वस्तू आयुष्यभराची आहे.

कोल्हापूर ४x४
स्विचच्या लॉकरविषयी मी सहमत आहे, पण नळीचे काम निष्काळजीपणे झाले तर फार मनस्ताप होतो. माझ्या लॉकरची नळी एका गॅरेजने सायलेन्सरला टेकवून नेली होती, ती वितळली आणि ऐन ओढ्यात लॉक सुटला. आणखी एक लक्षण ध्यानात ठेवावे : स्विच बंद करताना सोलेनॉइडच्या (हवा सोडणाऱ्या विजेच्या झडपेच्या) तोंडातून हवेबरोबर गिअर ऑइलचे थेंब येऊ लागले, तर आतल्या सीलमधून गळती सुरू झाली आहे असे समजावे.

नियमपालक
मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल आपण सर्वांनी वाचावा. नोंदणीत लिहिलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाही. मोठे टायर घातलेली गाडी रस्त्यात अडवली जाते आणि अपघात झाल्यास विमा कंपनी बदलांवर बोट ठेवते.

थारवाला नाशिक
टायर तर सगळेच बदलतात. चिखलासाठी मड टेरेन (खोल खाचांचे) टायरच घ्यावेत, ऑल टेरेनच्या (सर्व प्रकारच्या रस्त्यांसाठीच्या टायरच्या) खाचा तांबड्या मातीने एका फेरीतच भरून जातात.

गुरखाधारी
मड टेरेन ओल्या डांबरावर घसरतात, हेही सांगावे. हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवली तर ऑल टेरेनही उत्तम काम देतात.

फिटर, सांगली
टायरची चर्चा बाजूला ठेवून मूळ प्रश्नाकडे येतो, कारण हे काम मी रोज हाताने करतो.

प्रथम हिशेब पाहू. २०५/७० आर १५ चा व्यास सुमारे ६६८ मिमी येतो आणि २३५/७५ आर १५ चा सुमारे ७३३ मिमी, म्हणजे चाक जवळपास १० टक्क्यांनी मोठे होते. पूर्वीची ओढ परत मिळवायची तर ॲक्सलचा रेशोही तेवढाच वाढवावा लागेल. क्राऊनचे दात भागिले पिनियनचे दात म्हणजे रेशो. ३७ आणि ९ दात असतील तर तो ४.११ येतो आणि त्याच्या १० टक्के वर म्हणजे ४.५ च्या आसपास जावे लागेल. तुमच्या गाडीचे दात प्रत्यक्ष मोजूनच जोड शोधावी, ऐकीव आकड्यावर विसंबू नये. पुढचा आणि मागचा रेशो एकच असला पाहिजे. तो वेगळा असेल तर फोर व्हील लावताच दोन्ही प्रोपेलर शाफ्ट (ॲक्सलपर्यंत ओढ नेणारे दांडे) एकमेकांविरुद्ध ओढू लागतात आणि ट्रान्सफर केसचे (पुढच्या-मागच्या ॲक्सलना ओढ वाटून देणाऱ्या पेटीचे) नुकसान होते. म्हणजे खर्च सरळ दुप्पट.

जिप्सीची सोय अशी की तिच्या डिफरन्शियलचा संपूर्ण संच ॲक्सलच्या हौसिंगच्या (बाहेरच्या कवचाच्या) तोंडातून बाहेर निघतो, त्यामुळे काम टेबलावर शांतपणे करता येते. जुनेच क्राऊन-पिनियन ठेवून नुसता लॉकर घालायचा असेल तर पिनियनला हात लावावा लागत नाही. क्राऊन नव्या लॉकरवर चढवायचे, दोन्ही बाजूंच्या आट्यांच्या रिंगा फिरवून बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) जुळवायचा आणि बेअरिंगला योग्य दाब द्यायचा. बॅकलॅश डायल गेजवर कंपनीने दिलेल्या मर्यादेत यावा आणि तो क्राऊनवर तीन-चार ठिकाणी मोजावा, कारण क्राऊनच्या बैठकीवर कचऱ्याचा एक कण जरी राहिला तरी ते डगडगते. परंतु क्राऊन-पिनियन दोन्ही नवे असतील, तर शिम (पातळ चकत्या) घालून पिनियनची खोली ठरवणे आणि पिनियनच्या बेअरिंगचा प्रीलोड (आधीच दिलेला दाब) नव्याने बांधणे हे मोठे काम असते. दातांना रंग लावून, चाकाला थोडा अडसर देत फिरवून ठसा पाहावा लागतो. तो दाताच्या मध्यावर उमटला पाहिजे. तो मुळाशी गेला असेल तर पिनियन फार आत आहे, टोकाशी असेल तर फार बाहेर आहे. ज्या गॅरेजमध्ये डायल गेज नाही आणि जेथे कारागीर हाताने हलवून ‘बरोबर आहे’ म्हणतो, तेथे हे काम देऊ नये. अशा गाड्या तिसऱ्या महिन्यात ऊं ऊं आवाज करत माझ्याकडे येतात.

नव्या दातांना पहिल्यांदा फार तापू देऊ नये. २०-२५ किमी हळू चालवून गाडी पूर्ण थंड होऊ द्यावी, पहिले काही शे किमी ओझे ओढू नये आणि सुमारे ८०० किमीनंतर जीएल-५ प्रतीचे ८०डब्ल्यू-९० गिअर तेल बदलावे.

जिप्सीभक्त, पुणे
फिटरदादांनी उत्तम लिहिले आहे. फक्त एक पर्याय राहिला. जिप्सीची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळी असते आणि हाय गिअरमध्येही तिच्यात रिडक्शन (वेग कमी करून ओढ वाढवणे) असते. तिचेच गिअर बदलले तर पुढच्या-मागच्या दोन्ही ॲक्सलना एकदमच जास्त ओढ मिळते आणि क्राऊन-पिनियनच्या दोन जोड्यांचा खर्च वाचतो. माझ्या गाडीत असे गिअर आहेत आणि लो मध्ये ती पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगाने चढते. त्रुटी एवढीच की स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसच्या बाहेर पडणाऱ्या बाजूला असल्यामुळे मोठ्या टायरचा फरक काट्यावर तसाच राहतो. ॲक्सलचे दात बदलले असते तर तो आपोआप भरून निघाला असता.

मेलबर्नचा मराठी
स्विचचा लॉकर आणि तोही दोन्हीकडे, हे माझे मत कायम आहे.

कोल्हापूर ४x४
मुळशीकर, एक विचारायचे राहिले. त्या वळणावर रस्ता नुसता चढाचा आहे की दरीच्या बाजूला कललेलाही आहे?

मुळशीकर
कललेला आहे. डावीकडे ओढा आहे आणि माती तिकडेच वाहून जाते.

कोल्हापूर ४x४
मग मागचा लॉक जपून वापरावा. उघड्या डिफरन्शियलमध्ये एक चाक फिरत राहिले तरी दुसरे जमीन धरून गाडीचे बूड सांभाळते. लॉक लावल्यावर दोन्ही चाके एकदमच सुटतात आणि मागचा भाग उताराच्या दिशेने घसरत जातो. तरीही चढावर भार मागच्या चाकांवर येतो, त्यामुळे एकच बसवायचा तर मागेच, असे मी म्हणेन.

जिप्सीभक्त, पुणे
मागेच. पुढच्या ॲक्सलचे बर्फील्ड जॉइंट (चाक वळलेले असतानाही त्याला फिरवणारे सांधे) हा जिप्सीचा दुबळा भाग आहे. पुढचा लॉक लावून स्टीअरिंग पूर्ण वळवले आणि त्यात मोठे टायर असले की ते फुटतात.

थारवाला नाशिक
एकच बसवायचा तर मागेच. आमच्या थारमध्येही मागेच आहे.

नियमपालक
टायरविषयी मी लिहिलेले कोणी वाचलेले दिसत नाही.

मुळशीकर
मी वाचले आहे आणि मोठ्या टायरचा बेत सोडला आहे. मूळ मापाचेच नवे ऑल टेरेन घेईन, म्हणजे क्राऊन-पिनियन बदलण्याचा प्रश्नच उरत नाही आणि वाचलेल्या पैशात एक चांगला स्विचचा लॉकर बजेटमध्ये बसतो. मात्र तो मी पुढे बसवणार आहे. सर्वांनी मागे सांगितले असूनही असे ठरवले, कारण आमच्या वाटेवर खरी भीती अडकण्याची नसून ओढ्यात घसरण्याची आहे आणि त्या गाडीत माझ्याबरोबर आई असते. मागची चाके मोकळी राहून बूड धरतील आणि पुढची दोन्ही चाके गाडीला वर ओढतील, असा माझा हिशेब आहे. अडकण्याची जागा वळण संपता-संपता आहे, तेथे स्टीअरिंग जवळजवळ सरळच असते. पॉवर स्टीअरिंग नसल्यामुळे लॉक लावल्यावर ते जड होईल, पण त्या काही हातांच्या अंतरासाठी ते चालेल.

गुरखाधारी
चढावर पुढची चाके हलकी होतात, त्यामुळे एकट्या पुढच्या लॉकचा निम्मा फायदाच मिळेल. मी असे करणार नाही.

फिटर, सांगली
फायदा कमी मिळेल हे खरे, पण कललेल्या वाटेसाठी दिलेले कारण मला पटते. लॉक लागलेला असताना स्टीअरिंग टोकापर्यंत नेऊन ॲक्सिलरेटर दाबू नये आणि बर्फील्ड जॉइंटचा एक सुटा संच, ग्रीस व नकल सील (चाक वळते त्या सांध्याचे सील) गाडीत ठेवावेत. लॉकर बसवताना तेच सील नवे घालून घ्यावे, कारण ॲक्सल शाफ्ट तसेही बाहेर काढावेच लागतात. डिफरन्शियलचा संच माझ्याकडे पाठवायचा असेल तर तेल पूर्ण काढावे, प्रोपेलर शाफ्ट आणि पिनियनच्या फ्लँजवर जुळणी खूण करावी आणि बेअरिंगच्या दोन्ही कॅपवर डावी-उजवी लिहिण्याआधी त्या सैल करू नयेत.