आदेश देणारे सचिव, तपासणारेही सचिवच

सरकार लोकांवर ठेवत असलेल्या पाळतीबद्दल बोललं की 'लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरायचं कशाला?' असं म्हटलं जातं. हा मुद्दा मला अजिबात पटत नाही. प्रश्न परवानगी कोण देतं याचा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली आपले मेसेज वाचायचा आदेश गृहसचिव देतात. तो योग्य होता का, हे तपासणाऱ्या समितीतही सगळे सचिवच. न्यायाधीश कुठेच नाही! ज्याच्यावर पाळत ठेवली त्याला नंतरही कळवत नाहीत, मग तो बिचारा कोर्टात जाणार कसा? २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणाला मूलभूत हक्क म्हटलं, आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात सरकारी यंत्रणांना सूट देणारं कलम १७ आलंच. निदान पाळतीच्या आदेशावर न्यायाधीशाची सही तरी असू द्या.