रेफ्युजियममध्ये (शेवाळ वाढवायच्या कप्प्यात) चेटो शेवाळ लावू की कौलर्पा? आणि सफाईला कोणाकोणाला आणू?

इंदिरानगर_रीफ:
नमस्कार मंडळी. माझा खाऱ्या पाण्याचा टँक ४ × १.५ × १.५ फुटांचा, म्हणजे साधारण २५५ लिटर. दीड वर्ष झालं. दोन क्लाउनफिश, एक डॅमसेल, थोडे झोआ, मशरूम आणि एक लेदर (ही प्रवाळं). सम्पमधला (पाणी गाळायच्या टाकीतला) मधला कप्पा १५ इंचांचा, रिकामाच आहे. तिथे रेफ्युजियम करायचं म्हणतोय. नायट्रेट ४० च्या खाली येत नाही, फॉस्फेट ०.२५, आणि मागच्या दगडांवर केसाळ शेवाळ इतकं माजलंय की झोआ दिसेनासे झालेत. दर रविवारी टूथब्रशने घासतो, बुधवारपर्यंत परत तेच.

मुंबईच्या एका विक्रेत्याने सगळं एकदम देतो म्हणून सांगितलंय: कौलर्पाची पिशवी, २० हर्मिट खेकडे, १० टर्बो गोगलगायी, एक सँड सिफ्टिंग स्टार (वाळू चाळणारा तारामासा) आणि एक सी ककंबर (समुद्री काकडी). शनिवारी आणायला जाणार आहे. घेऊ का? पाणी घरच्या आरओचं वापरतो, टीडीएस (विरघळलेले क्षार) १८ येतो.

गंगापूररोडकर:
शनिवारची फेरी आधी रद्द कर. तुझ्या टँकला अजून खाणारी तोंडं नकोत.

शेवाळाने नायट्रेट शोषलं म्हणजे ते टँकबाहेर गेलं असं होत नाही, ते शेवाळाच्या अंगात जाऊन बसतं. तू तो गोळा उपटून बादलीत टाकशील तेव्हा ते खरं बाहेर पडतं. गोगलगाय शेवाळ खाते आणि त्याच पाण्यात घाण टाकते, म्हणजे काच स्वच्छ दिसते पण नायट्रेट जिथल्या तिथे. म्हणून रेफ्युजियममधलं शेवाळ असं हवं की जे भराभर वाढेल आणि हाताने सहज उचलता येईल. ते म्हणजे चेटो. नायलॉनच्या घासणीसारखा गुंता असतो, दगडाला चिकटत नाही, मुळं धरत नाही. अर्धा गोळा काढायचा, अर्धा ठेवायचा.

कौलर्पा मी दोन वर्षं ठेवली होती. दिसायला फार सुंदर, द्राक्षाच्या घडासारखी, आपल्या नाशिककरांना तर मोह पडतोच. मे महिन्यात एका सकाळी उठलो तर पाणी हिरवट दुधासारखं झालेलं. ती एकाच रात्रीत बीज सोडून पांढरी पडली होती, आणि अंगात साठवलेलं सगळं परत पाण्यात. ऑक्सिजन घसरला. चार वर्षांची क्लाउनची मादी त्या दिवशी गेली. चोवीस तास दिवा ठेवला तर हा धोका कमी होतो असं लोक म्हणतात आणि बहुतेकदा ते खरंही आहे, पण आपल्याकडे वीज गेली की तो नियम मोडतो. शिवाय तिचा एखादा धुमारा पंपातून वरच्या टँकमध्ये गेला की दगडाच्या खाचांतून काढता काढता निघत नाही.

दिवा उलट्या वेळेला लाव. वरचे दिवे नऊला बंद होत असतील तर रेफ्युजियमचा नऊला सुरू, सकाळी नऊपर्यंत. रात्री सगळे जीव कार्बन डायऑक्साइड सोडतात म्हणून पीएच उतरतो. त्याच वेळी चेटो तो वायू वापरत राहिला की उतार कमी होतो.

आणि टीडीएस १८ हा माझ्या मते तुझ्या केसाळ शेवाळाचा मोठा हिस्सेदार आहे. पिण्याच्या आरओत चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळतात. आपल्याला शून्य हवं. आरओच्या पुढे डीआय रेझिनचा (उरलेले क्षार काढणारा) डबा जोड. उन्हाळ्यात टँकवर पंखा लावला की रोज दोन-तीन लिटर पाणी उडतं, मीठ मागेच राहतं, आणि तू भर घालतोस ती या १८ वाल्या पाण्याची. महिन्याचा हिशेब करून बघ.

सिडको_खारंपाणी:
दादांशी सहमत. प्राण्यांबद्दल माझं मत सांगते.

सी ककंबर अजिबात घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आपल्याकडच्या सगळ्या समुद्री काकड्या २००१ पासून आहेत. वाघाला जे संरक्षण आहे तेच तिलाही. असं कोणी सहज पिशवीत घालून देतो याचं मला फार वाईट वाटतं. त्यातून ती पंपात अडकून मेली तर तिच्या विषाने मासेही जाऊ शकतात.

सँड सिफ्टिंग स्टार वाळूतले बारीक जीव खाऊन संपवतो आणि एवढ्या टँकमध्ये काही महिन्यांत उपासमारीने मरतो. मरतो वाळूखाली, आपल्याला कळतही नाही.

२० हर्मिट म्हणजे २० जणांना पुढेमागे मोठा शंख लागणार, आणि तो ते जिवंत गोगलगाय मारून मिळवतात. हवेच असतील तर तीन, सोबत रिकामे शंख. मी तर ठेवतच नाही. सेरिथ गोगलगायी सहा-सात (रात्री काच आणि वाळू दोन्ही साफ करतात), नासारियस चार, बास. नासारियस दिवसभर वाळूत गाडून घेतात आणि खाणं पडलं की सोंड वर काढून चालत येतात, बघत राहावंसं वाटतं. अ‍ॅस्ट्रिया गोगलगाय उलटली की तिला स्वतःहून सरळ होता येत नाही, रोज सकाळी उठून बघायची तयारी असेल तरच घ्या. रेफ्युजियममध्ये मात्र यातलं काहीच नको. तो कप्पा कोपेपॉडसाठी (पाण्यातले बारीक जीव, म्हणजेच पॉड).

एक विचारायचं राहिलं. टँकमध्ये कधी तांब्याचं औषध घातलं होतं का?

इंदिरानगर_रीफ:
ताई, घातलं होतं. गेल्या वर्षी पांढरे ठिपके आले तेव्हा, मोठ्या टँकमध्येच, निळं औषध, दहा दिवस. दुकानदाराने तसंच सांगितलं होतं. त्यानंतर आणलेल्या दोन्ही गोगलगायी आठवड्यात मेल्या. मला वाटलं घाटातून येताना पाणी तापलं असेल.

आणि चेटो मिळेपर्यंत हर्णैहून थोडी उल्वा (समुद्रातलं हिरवं शेवाळ) आणली तर? मामाचं गाव तिकडेच आहे.

गंगापूररोडकर:
बघ, ताईंनी नेमकं विचारलं. तांबं दगडात आणि वाळूत मुरतं आणि हळूहळू सुटत राहतं. मासे सहन करतात, पण गोगलगायी, कोळंबी, पॉड यांना अगदी थोडंही पुरतं. तुझ्या टँकमध्ये पॉड नसतील तर कारण हेच असणार. आधी तांब्याचं टेस्ट किट आण. काही दिसलं तर तांबं शोषणारं रेझिन किंवा चांगला कार्बन सम्पमध्ये ठेव, दर आठवड्याला २० टक्के पाणी बदल, आणि शून्य आल्यावरही एक महिना थांब. मग एकच सेरिथ सोडून पाहा. ती पंधरा दिवस फिरली तर बाकीच्या.

उल्वा आपल्या किनाऱ्यावर पावसाळा सरला की हिवाळाभर खडकांवर मिळते हे खरं, पण तिच्याबरोबर काय काय येईल याचा भरवसा नाही. बंदराजवळचं पाणी तर नकोच.

सिडको_खारंपाणी:
पॉड आहेत की नाही ते आज रात्रीच कळेल. दिवे बंद होऊन दोन तास झाले की लाल कागद लावलेला टॉर्च काचेला टेकवा. तांदळाच्या कणीहून बारीक पांढरे ठिपके झटक्याने सरकताना दिसले तर ते पॉड. काय दिसतं ते इथे सांगा, चेटो मी माझ्याकडचा देईन. बरणीत तुमच्याच टँकचं पाणी भरून आणा.