म्हातारी मांजर खात नाही, पाणी मात्र सारखं पिते. काय करू?

आर्वीकडची सून
सासूबाईंची मनी चौदाएक वर्षांची आहे. दिवाळीपासून नुसती वाळत चालली, पाठीचे मणके हाताला लागतात. दूध-पोळी हुंगते अन् तोंड फिरवते. पाणी मात्र गाईच्या टाक्यावर चढून चढून पिते, मुततेही भरपूर. सासूबाई म्हणतात, "म्हातारपण आहे बाप्पा, राहू दे." शेजारच्या काकू म्हणतात अंग तापलंय, तापाची अर्धी गोळी चुरून दे. देऊ का?

गोठ्यातला भाऊ
ताई, गोळी नका देऊ! पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. ते पचवायची सोय तिच्या लिव्हरात नाही, रक्त खराब होऊन अर्ध्या गोळीतही जीव जातो. अन् मांजराचं अंग 38-39 अंश असतेच, आपल्या हाताला ते गरमच लागणार.
एवढं पाणी अन् एवढं मूत म्हणजे मले तरी पहिला संशय किडनीचा. शुगर किंवा थायरॉईडही असू शकते, पण थायरॉईडवाली मांजर बहुतेक खा-खा करते. रक्त-लघवी तपासल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. पाणी तोडू नका, उलट दोन-तीन ठिकाणी ठेवा. एक-दोन दिवस काहीच पोटात गेलं नाही तर थांबू नका, उपाशी मांजराच्या लिव्हरात चरबी साचते.

आर्वीकडची सून
गोळी नाही दिली. पण खायला काय देऊ? सासूबाई महानुभाव पंथाच्या, घरात अंडंसुद्धा येत नाही. आजवर मनी दूध-पोळीवरच तर जगली.

वरुडची मावशी
दूध-पोळीवर नाही गं, तुमच्या कोठ्यातल्या उंदरांवर जगली! टॉरिन नावाचं एक द्रव्य मांजराला मांसातूनच मिळते, ते नसलं की डोळे अन् हृदय बिघडते. आता शिकार होत नसेल तिच्यानं. दातही पाहा, तोंडाला वास येते का, लाळ गळते का.
आमच्या घरीही माळकरी माणसं. मी गोठ्यात विटांची चूल मांडली, गंज वेगळा, पळी वेगळी. कोंबडी नुसत्या पाण्यात शिजवायची. मीठ नाही, कांदा-लसूण तर मुळीच नाही, तेही तिला विषच. कुस्करून कोमट द्यायची, वास आला की खाते. तेही जमत नसेल तर मांजराच्या ओल्या खाद्याची पाकिटं येतात, शिजवायची भानगड नाही. किडनीचं निघालं तर डॉक्टर वेगळं खाद्य सांगतील, पण आधी काहीतरी पोटात जाऊ दे.

आर्वीकडची सून
पाकिटाला सासूबाई हो म्हणाल्या, वाटी बाहेर ठेवायच्या अटीवर. आमचे हे नागपूरला जाणार आहेत, मनीला सोबत नेतील. कुठं दाखवावं?

गोठ्यातला भाऊ
सेमिनरी हिल्सला पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तिथं कुत्र्या-मांजरांनाही पाहतात. सकाळीच पोहोचा. टोपलीवर दुसरी टोपली उलटी ठेवून पक्की बांधा, एसटीचा हॉर्न वाजला की मांजर हातात राहत नाही. जमलं तर निघताना लघवी स्वच्छ बाटलीत धरून घ्या, रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारी तपासणी, त्यासोबत तीही तपासून होईल.