विषय: सावद्याच्या गाडीला अलार्म आणि रिमोट स्टार्ट

मंडळी, नमस्कार.

आमचे आप्पा सावद्याला एकटेच राहतात. मळ्यात आणि भुसावळला डॉक्टरांकडे अजून स्वतःच गाडी चालवत जातात. मे महिन्यात अंगणातली गाडी अशी तापते की स्टिअरिंगला हात लावता येत नाही. इथे कॅलगरीत उणे २५ मध्ये मी घरातून बटण दाबून गाडी गरम करतो. तसाच तिथे एसी आधी सुरू झाला तर आप्पांचा जीव वाचेल. जळगावचा एक दुकानदार अलार्म आणि रिमोट स्टार्ट एकत्र बसवून देतो म्हणतोय. एप्रिलात येईन तेव्हा बसवून टाकू का? गाडी पेट्रोलची, मॅन्युअल.

— कॅलगरीहून, सावदेकर


दादा,

मी भुसावळची, आता मिनेसोटात. गाड्यांच्या वायरिंगचंच काम करते. अलार्म जरूर बसवा. रिमोट स्टार्ट मात्र नको, हे हात जोडून सांगते.

तुमची तिथली गाडी ऑटोमॅटिक असणार. ती पार्क किंवा न्यूट्रलमध्ये नसेल तर स्टार्टर फिरतच नाही. आपल्याकडे उतारावर गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून उभी करतात. अशा गाडीचा स्टार्टर रिमोटने फिरला की गाडी उडी मारून पुढे जाते. क्लच दाबायला आत कोणी नसतं, आणि क्लचचा स्विच असला तरी बसवणारा तो बायपास करून टाकतो. चांगल्या सिस्टीममध्ये यावर उपाय असतो: न्यूट्रल करायचं, हँडब्रेक ओढायचा, इंजिन चालू असतानाच किल्ली काढून उतरायचं, दार लावलं की मग इंजिन बंद होतं. नंतर एकही दार उघडलं तर रिमोट चालत नाही. पण हा क्रम आप्पांनी रोज, न चुकता पाळायला हवा. शिवाय दाराचा स्विच धूळ खाऊन बिघडला, तर तेही राखण उरत नाही.

माझ्या भावाने हौसेने बसवलं होतं. एके संध्याकाळी गाडी गिअरमध्येच राहिली आणि तुळशीवृंदावनावर गेली. भाची तिथे दिवा लावून नुकतीच आत आली होती. मला अजून त्याची झोपेत भीती वाटते.

आणखी एक. किल्लीत इमोबिलायझरची चिप असेल, म्हणजे जी ओळखल्याशिवाय गाडी सुरूच होत नाही ती, तर रिमोट स्टार्टसाठी तिला चकवावं लागतं. काही दुकानदार दुसऱ्या किल्लीची चिप डॅशबोर्डमागे चिकटवून देतात. म्हणजे चोरासाठी किल्ली गाडीतच ठेवल्यासारखं. रस्त्यावर गाडी उभी असेल तर कायदाही आड येतो: मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२६ प्रमाणे चालकाच्या जागी परवानाधारक नसताना सार्वजनिक जागी गाडीचं इंजिन बंद असायला हवं.

अलार्म घेताना वायर कापून नुसती टेप गुंडाळू देऊ नका. सोल्डर करून घ्या, बॅटरीजवळ फ्यूज हवाच. सायरन सायलेन्सरच्या पाइपापासून लांब. एआरएआयची (पुण्याची वाहन-चाचणी संस्था) मान्यता असलेला घेतलात तर विम्यात थोडी सूट मिळू शकते. अलार्म २० मिलिअँपिअर जरी खात असेल, तर महिन्यात १४ अँपिअर-तास जातात. आप्पा पावसाळ्यात तुमच्याकडे आले की ३५ अँपिअर-तासांची छोटी बॅटरी दोन महिन्यांत बसणार. तेव्हा निगेटिव्ह तार काढून ठेवायला सांगा.

उन्हासाठी शेड घाला. निघताना चारही काचा खाली घेऊन पहिला किलोमीटर जावं, गरम हवा बाहेर पडते, मग एसी.

— भुसावळची ताई


ताई,

रात्रीच आप्पांना फोन लावला. गाडी कशी उभी करता, विचारलं. ‘पहिल्यात टाकतो, वरून चाकाखाली दगड,’ म्हणाले. समोर शेजाऱ्यांची पोरं खेळतात.

रिमोट स्टार्ट रद्द. सोल्डर आणि फ्यूजचं दुकानदाराला लिहून पाठवलं. पत्र्याच्या शेडची पश्चिमेची बाजू बंद करायचा विचार आहे, दुपारनंतरचं ऊन तिकडूनच येतं. पत्र्याखाली गवताची ताटी बांधली तर चालेल ना?

— सावदेकर