आठवड्याचे सहा दिवस प्रभूचे नाहीत का?

भोसरीकर (धागा सुरू करणारा):
मी भोसरीच्या एका कारखान्यात तपासणीवर आहे. रविवारी आमच्या मंडळीत पाळकसाहेबांनी ‘सेवा’ या विषयावर संदेश दिला. संडेस्कूल, गायनमंडळ, घरभेटी यांची नावं घेतली आणि यंदा सेवा केलेल्यांना उभं राहायला सांगितलं. मी बसून राहिलो. ते मनाला लागलं.

त्याच आठवड्यात गुरुवारी माझ्यापुढे 400 बुशांचा, म्हणजे धातूच्या पोकळ नळकांड्यांचा, लॉट होता. बोअर, म्हणजे आतलं भोक, 25 मिलिमीटरचा, वरची मर्यादा 25.021. भोक मापात असेल तर जो आत जायलाच नको, तो नो-गो गेज सरळ आत जात होता आणि बोअर गेजवर 25.026 दिसत होतं. जास्तीचे फक्त पाच मायक्रॉन. साहेब म्हणाले, “मर्यादेत बसव, गाडी उभी आहे.” मी 25.026, शेवटचे सव्वीसच लिहिले. लिहिताना हात थरथरत होता. त्या दोन मिनिटांत जितक्या कळकळीनं प्रार्थना केली, तितकी चर्चच्या बाकावर बसून क्वचित होते.

सेवाकार्य सुरू केलं तेव्हा प्रभू सुमारे 30 वर्षांचा होता, असं लूक सांगतो. त्याआधी गावाला तो सुतार म्हणूनच ठाऊक होता. पौल करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर राहुट्या करायचा. माझं म्हणणं एवढंच आहे की गेज धरलेला हात उपासनाच करत असतो. त्याला दुसऱ्या सेवेची जोड लागत नाही.

वचनसेवक:
भाऊ, खोटा आकडा लिहिला नाहीत याबद्दल देवाची स्तुती असो. पण पौलाचं अर्धंच सांगितलंत. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 18 पुढे वाचा. राहुट्यांच्या लगेच पुढच्या ओवीत तो दर शब्बाथाला सभास्थानात यहूदी आणि ग्रीक लोकांशी बोलत होता, त्यांची खात्री पटवत होता. सीला आणि तीमथ्य मासेदोनियाहून आल्यावर तर तो वचन सांगण्यातच गढून गेला. तुमच्या साहेबांना गुरुवारी काय कळलं? हा माणूस तत्त्वाचा पक्का आहे, एवढंच. ख्रिस्ताचं नाव कुठे आलं? ऐकलंच नाही तर लोक विश्वास कसा ठेवणार, हा प्रश्नही पौलानंच विचारलाय. नाव न घेता केलेल्या भल्याचं श्रेय आपल्याच खात्यावर जमा होतं.

रात्रपाळी:
दादा, मी अतिदक्षता विभागात नर्स आहे. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडावर जखम होते. पहाटे चारला कूस न बदलताही चार्टवर खूण करता येते. नातेवाईक बाहेर चटईवर झोपलेले असतात, कोण बघणार? माझा विश्वास त्या चारच्या कुशीवर टिकतो किंवा तिथेच पडतो.

पण घशात नळी असलेल्या माणसाला मी वचन कसं ऐकवू? त्याला ‘नको’ म्हणता येत नाही. जो नाही म्हणू शकत नाही त्याच्यापुढे गप्प राहायचं, हे मी प्रभूकडूनच शिकले. आंधळ्या बार्तीमयालासुद्धा त्यानं आधी विचारलं, तुझ्यासाठी मी काय करावं? वॉर्डात हलवल्यावर एका आजींनी विचारलं, “मला शुद्ध नव्हती गं, तरी तू माझ्याशी बोलत का होतीस?” तेव्हा सांगितलं, येशूचं नाव घेऊन सांगितलं.

पेठेतला वाचक:
मी ख्रिस्ती नाही, पण राहवलं नाही म्हणून लिहितो. सावता माळ्यांनी मळ्यातच विठोबा पाहिला. काम हीच भक्ती, हे आमच्याकडे लहानपणापासून कानावर पडतं. मग तुमच्या सव्वीस आकड्यात खास ख्रिस्ती ते काय?

वचनसेवकांना एक आठवण. पंडिता रमाबाईंनी 1889 साली मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं. 1893 मध्ये याच शहरात वादळ उठलं. शाळेआडून धर्मांतर चाललंय या संशयानं पालकांनी मुली काढून घेतल्या, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. विधवांना शिकवण्याचं काम खरंच होतं, तरी लोकांना ते आमिष वाटलं. चांगल्या कामाला हेतू चिकटलेला दिसला की समोरचा माणूस हात मागे घेतो.

वचनसेवक:
आणि रमाबाई थांबल्या का? 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी शेकडो मुली-बायकांना केडगावला आणलं. तिथे शेती, विणकाम, छापखाना उभा राहिला. बायका स्वतः खिळे जुळवायच्या. त्यांनी काम केलं आणि नावही लपवलं नाही. नर्सताईंचं मात्र मला पटलं. विचारल्यावर सांगणं हेही सांगणंच आहे.

निवृत्त शिक्षिका:
तुम्ही सगळे कामाला उपासना म्हणताय, आणि मला भीती वाटतेय. मी 22 वर्षं एका संस्थेत शिकवलं. संस्था आपल्याच लोकांची. पूर्ण पगाराच्या कागदावर सही आणि हातात निम्मे पैसे. विचारलं की उत्तर ठरलेलं, “बाई, ही प्रभूची सेवा आहे.” याकोबाच्या पत्रात कापणी करणाऱ्यांची अडवलेली मजुरी ओरडते, ती सेनाधीश प्रभूच्या कानी जाते, असं लिहिलंय. त्यावर एकदाही संदेश ऐकला नाही मी. काम पवित्र म्हणायचं असेल तर आधी मजुरी पवित्र म्हणा.

भोसरीकर, तुम्ही लॉट अडवलात, छान केलंत. त्या 400 बुशांचे पैसे कोणाच्या खिशातून गेले?

भोसरीकर:
बाई, हे मी वर लिहायला हवं होतं. ऑपरेटरचा या महिन्याचा इन्सेंटिव्ह कापला. शनिवारपासून तो माझ्याशी बोलत नाही.

पेठेतले वाचक, खास ख्रिस्ती काय ते मला नीट मांडता येत नाही. पण बाईंचा प्रश्न वाचल्यावर जे टोचतंय, त्यात ते असावं.

रात्रपाळी:
बोअर मोठा का झाला, दादा? चूक त्याची होती का?

भोसरीकर:
नाही. मशीनच्या स्पिंडलला, म्हणजे फिरणाऱ्या दांड्याला, प्ले आहे, तो ढिला झालाय. त्यानं शिफ्टच्या वहीत दोनदा लिहिलं होतं, मेंटेनन्स पुढे ढकललं गेलं. रिजेक्शन रिपोर्टमध्ये कारणाच्या रकान्यात ‘ऑपरेटरची चूक’ असं आहे. ते मी लिहिलेलं नाही, पण खाली सही माझी आहे. आकडा तपासला, रकाना वाचलाच नाही.

सकाळची पाळी सातला सुरू होते. वहीच्या त्या दोन पानांचे फोटो घेऊन साडेसहाला साहेबांच्या टेबलापाशी उभा राहतो.

वचनसेवक:
सहा वाजता प्रार्थनेत तुमचं आणि त्या भावाचं नाव घेतो.