आठवड्याचा विषय 'ओल': घराजवळ काय टिपता येईल?

प्रश्न (रत्नागिरी): आमच्या गटात दर आठवड्याला एक विषय ठरतो आणि त्यावर प्रत्येकाने रोजच्या जगण्यातला एक फोटो पाठवायचा असतो. या वेळचा विषय 'ओल' आहे. छत्र्या आणि धबधबे सोडून काय टिपावे, आणि मोबाइलवर ढगाळ आभाळ पांढरेफटक येते त्यावर उपाय काय?

उत्तर (मालवण): जांभ्याचा चिरा सच्छिद्र असल्यामुळे पाणी शोषून घेतो आणि भिजला की त्याचा तांबडा रंग गडद होतो, गडग्यावरचे (दगडी कुंपणावरचे) शेवाळ बाजूच्या उजेडात अगदी जवळून टिपल्यास दगडाची छिद्रे सुरेख उठून दिसतात. आभाळावर बोट टेकवून उजेड कमी करता येतो, पण ते चौकटीबाहेर ठेवणेच मला अधिक पटते.

उत्तर (गुहागर): खाऱ्या वाऱ्याने भिंगावर थर बसतो, तो आधी मऊ सुती कापडाने पुसावा.

उत्तर (रत्नागिरी): मिरकरवाडा बंदरावर मासळी निवडणाऱ्या बायकांचे हातही या विषयात चपखल बसतील, मात्र त्यांना विचारल्याशिवाय फोटो काढू नये, आणि काढलेला फोटो गटात टाकण्यापूर्वी त्यांना अवश्य दाखवावा.